गेट कुठलं मिळालं?

ताडोब्याला जायचं ठरलं की पुण्या-मुंबईचा माणूस आधी विचारतो, "वाघ दिसेल ना नक्की?" नागपूर-चंद्रपूरकडचा माणूस विचारतो, "गेट कुठलं मिळालं?"

दुसरा प्रश्न शहाणा आहे. पहिल्याचं उत्तर कुणाकडेच नसतं. असल्याचा आव आणणारे मात्र पुष्कळ भेटतात. गेटचं तसं नाही. ते तुम्हाला निवडता येतं, आणि एकदा निवडलं की निम्म्या गोष्टी आपोआप ठरून जातात. मुक्काम कुठल्या गावात पडणार, आत कसलं रान बघायला मिळणार, किती गाड्यांची धूळ खावी लागणार, गाइड कुठला असणार, आणि तुमच्या खिशातून गेलेले पैसे शेवटी कुणाच्या घरात पोहोचणार. म्हणून सहलीचा आराखडा वाघाच्या नावावरून न करता गेटवरून करावा, या मताचा मी आहे.

ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प म्हणजे सुमारे १,७२७ चौरस किलोमीटरचं रान. त्यातला ६२५ चौरस किलोमीटरचा गाभा, ज्याला सगळे कोअर म्हणतात. भोवतीचा अकराशे चौरस किलोमीटर बफर. कोअरमध्ये शिरायला मोहर्ली, खुटवंडा, कोलारा, नवेगाव, पांगडी आणि झरी ही सहा गेटं. बफरची त्याहून बरीच जास्त : आगरझरी, जुनोना, देवाडा, अलिझंझा, मदनापूर, निमढेला, मामला, बेलारा, आणखीही. गाडी ज्या गेटनं आत जाते त्याच भागातल्या ठरलेल्या वाटांवर फिरते आणि वेळ संपायच्या आत परत येते. एका फेरीत 'सगळं ताडोबा' बघून येण्याचा प्रकार नसतोच.

कोलारा आणि नवेगाव ही उत्तरेकडची, चिमूरच्या बाजूची गेटं. नागपूरहून उमरेड, भिवापूर, चिमूर करत अडीच-तीन तासांत पोहोचता येतं, म्हणून मोठी रिसॉर्टं इथेच दाटीनं उभी राहिली. (वाटेतल्या चिमूरला चहाला थांबलात तर १९४२ आठवा. १६ ऑगस्टला या गावानं इंग्रजी अंमल झुगारला होता, आणि त्यामागे तुकडोजी महाराजांच्या भजनांची धग होती.) मोहर्ली चंद्रपूरच्या बाजूला, सगळ्यात जुनं आणि गजबजलेलं. चंद्रपुरातून निघालात की एका अंगाला वीज केंद्राच्या चिमण्या, दुसऱ्या अंगाला कोळशाच्या खाणींचे काळे ढिगारे, आणि काही वेळातच इरई धरणाचं पाणी नि जंगल. शहर आणि रान यांच्यामध्ये इथे मोकळी जागाच नाही. महाऔष्णिक वीज केंद्राच्या आवारातल्या झाडोऱ्यातही वाघ राहतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथल्या एका कामगाराचा वाघाच्या हल्ल्यात जीव गेला. खुटवंडा पश्चिमेला, वरोरा-भद्रावतीकडून येणाऱ्यांना सोयीचं.

उरली झरी आणि पांगडी. ही कोळसा परिक्षेत्राची गेटं. कोळसा हे गावाचं नाव. इथलं रान डोंगराळ, बांबूचं, दाट. गाड्या कमी आणि वाघ दिसण्याचं प्रमाणही कमी, म्हणून बुकिंग करणारा एजंट ही नावं सहसा घेत नाही. मला विचाराल तर एक फेरी झरीची जरूर घ्या. बांबूच्या बेटांतून उतरत जाणारा रस्ता, मधूनच लागणारा नाला, आणि तासभर दुसरी गाडी दृष्टीस न पडणं, हे हल्ली कोअरमध्ये दुर्मीळ झालं आहे.

मोहर्ली किंवा कोलाऱ्यानं आत गेलात तर ताडोबा तलाव लागतो. त्याच्या काठावर एका झाडाखाली तारूचं ठाणं आहे. तारू हा इथल्या आदिवासींचा देव. आधी तो गावचा प्रमुख होता, वाघाशी झुंजताना मेला आणि देव झाला, अशी कथा. पौष महिन्यात त्याची जत्रा भरत आली आहे. ज्या देवाच्या नावावरून उद्यानाचं नाव पडलं तो वाघाच्या हातून मेलेला माणूस आहे, ही गोष्ट जिप्सीत बसलेल्यांना गाइड सांगतो तेव्हा बहुतेकांचं लक्ष तलावातल्या मगरीकडे असतं.

१९५५ मध्ये ताडोबा राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा चांदा जिल्हा जुन्या मध्य प्रदेशात होता. महाराष्ट्र राज्य जन्मायचं होतं. पुढे १९८६ मध्ये शेजारचं अंधारी अभयारण्य झालं, आणि नव्वदच्या दशकाच्या मध्याला दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प. अंधारी हे नदीचं नाव. बफर त्यामानानं ताजा, २०१० चा.

*

ताडोब्यात वाघ इतके दिसतात कसे? संख्या चांगली आहे हे एक झालं. २०२२ च्या राष्ट्रीय गणनेत देशात सरासरी ३,६८२ वाघ निघाले, महाराष्ट्रात ४४४, आणि एकट्या ताडोबा-अंधारीत ९७. पण नुसत्या संख्येनं वाघ दिसत नाही. दाट रान असलं की दहा फुटांवरचा वाघही दिसत नाही. इथे तो दिसतो, कारण तो रस्त्यावर चालतो. मऊ मातीचा मोकळा रस्ता त्याच्या पंजांना सोयीचा असतो, कडेच्या झाडांवर मूत्राची पिचकारी मारून हद्द सांगायलाही बरा. उन्हाळ्यात तो पाणवठ्यांवर येतो, आणि पाणवठ्यांपैकी बरेच वनखात्यानं बांधून सौर पंपांनी भरते ठेवलेले असतात. आणि तो कुरणांत दिसतो.

या कुरणांपाशी जरा थांबायला हवं. जामणी, नवेगाव ही नावं छायाचित्रकारांच्या तोंडी सतत असतात. हिवाळी सकाळी उंच गवतातून चालत येणारी वाघीण, मागे उडणारं धुकं, असं चित्र तुम्ही पाहिलं असेल तर ते बहुधा अशाच एखाद्या कुरणातलं असणार. ही कुरणं निसर्गानं केलेली नाहीत. ही गावं होती. जिथे चितळांचे कळप चरतात तिथे धानाची बांधी होती, अंगणं होती. बोटेझरी आणि कोळसा गावातली काही घरं २००७ च्या सुमारास आधी हलली, पुढच्या दशकात नवेगाव, जामणी. शेतं ओस पडली, गवत माजलं, वनखात्यानं ते राखलं, चितळ आली, त्यांच्यामागे वाघ. अजून नीट बघितलंत तर रांगेत उभी आंब्याची झाडं दिसतात. जंगलात आंबा रांगेत उगवत नाही.

पुनर्वसन वाईट होतं असं मी म्हणत नाही. जंगलाच्या पोटात दवाखाना, शाळा, वीज नसलेल्या गावांतल्या बऱ्याच लोकांनी स्वतःहून बाहेर यायचं कबूल केलं. काहींना जमीन बरी मिळाली, काहींना नाही. पण 'अस्पर्श निसर्ग' बघायला आलोय अशा भावात जो माणूस जामणीच्या कुरणात कॅमेरा लावतो, त्याला कुणाच्या तरी वावरात आपण उभे आहोत हे ठाऊक असलं तर बरं. तुमच्या गाइडलाच विचारा. कधी कधी त्याचंच आजोळ तिथलं निघतं.

*

आता हंगाम. दिवाळी अंक हातात पडेपर्यंत कोअर उघडलेलं असतं. १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद, १ ऑक्टोबरपासून सुरू. (पावसाळ्यात बफरची काही गेटं चालू असतात.) दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांना एजंट हळूच सांगतो, "गवत उंच आहे हो, सायटिंग कमी." खरं आहे. पण हेच रान सगळ्यात भरलेलं असतं. नाले वाहते, तलावांवर पक्षी उतरू लागलेले, साग अजून पानांत. ज्यांना केवळ वाघ नको, जंगल हवं, त्यांनी ऑक्टोबर-नोव्हेंबर सोडू नये.

डिसेंबर-जानेवारीत पहाटे उघड्या गाडीत जी थंडी वाजते तिची कल्पना पुणेकरालाही नसते. मुक्कामाच्या ठिकाणी ब्लँकेट मागून घ्या, लाजू नका. ऊन चढलं की सगळं एकदम सुखाचं होतं. सांबरांची अंगं वाफाळतात, आणि रस्त्यावर गाड्या थांबल्या तरी लोक गप्प असतात, कारण तोंड उघडवत नाही. नाताळ ते नववर्ष हा आठवडा मात्र टाळा.

मग मार्च. साग पानं टाकतो, पळस पेटतो, कुलूचं पांढरं खोड, ज्याला भुताचं झाड म्हणतात, ओक्याबोक्या उतारावर लांबूनच उठून दिसतं. आणि मोह फुलतो. पहाटे गेटकडे जाताना बफरच्या गावांजवळ रस्त्याच्या कडेला बायका टोपल्या घेऊन मोहाखाली वाकलेल्या दिसतील. मोहाचं फूल रात्री गळतं, आणि ऊन चढायच्या आत वेचावं लागतं. ते मांसल, फिक्या पिवळ्या रंगाचं फूल हातात घेतलं तर चिकटतं. वास गोडसर, किंचित आंबूस, एकदा नाकात बसला की विसरत नाही. खाली पाचोळा असला तर फूल सापडत नाही, म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळायची रीत आहे, आणि त्यातून वणवे लागतात. वनखातं त्याआधीच जाळरेषा काढून ठेवतं. त्याच मोहावर अस्वलही येतं. अस्वलाची वेळही पहाटेचीच.

एप्रिल-मे हा पर्यटनाचा सोन्याचा काळ. चंद्रपूरचा पारा ४६-४७ वर जातो, पानगळीचं रान आरपार दिसतं, पाणी मोजक्या ठिकाणी उरतं. दुपारी तीनच्या सुमारास गाडी आत शिरते तेव्हा समोरून भट्टीचं दार उघडल्यासारखी झळ येते, आणि अशा वेळी एखाद्या पाणवठ्यावर वाघ उतरताना दिसला तर एक गंमत बघा. तो पुष्कळदा पाठमोरा उतरतो. आधी शेपूट, मग मागचे पाय, मग बूड टेकवून हळूहळू मानेपर्यंत. डोळ्यांत पाणी गेलेलं त्याला आवडत नाही. मग दोन-दोन तास तसाच. मधूनच जीभ बाहेर, मधूनच डोळे मिटलेले.

या दिवसांत वाघ दिसण्याची शक्यता सर्वात जास्त, म्हणून बुकिंगची झुंबडही तेव्हाच. पण याच मे महिन्यात बफरमधली आणि जिल्हाभरातली माणसं तेंदूपत्त्याला जंगलात जातात. पहाटे निघायचं, कंबरेएवढ्या झुडपांत वाकून पानं खुडायची, दुपारी घरी बसून पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलनाच्या जागी, नेऊन मोजून द्यायचे. पंधरा-वीस दिवसांचा हा रोजगार वर्षाच्या हिशोबात मोठा असतो. वाकलेला माणूस वाघाला माणसासारखा दिसत नाही. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका वाघाच्या हल्ल्यात मेल्या. एकाच दिवशी, एकाच जंगलात. त्याच आठवड्यात ताडोब्याच्या गेटांवर हाउसफुल्लच्या पाट्या असणार. दोन्ही गोष्टी एकाच जिल्ह्यात, एकाच उन्हात चालू असतात. पर्यटकाचा चांगला हंगाम आणि गावाचा धोक्याचा हंगाम एकच आहे, आणि कुठल्याही माहितीपत्रकात हे छापलेलं नसतं.

अशा मृत्यूनंतर राज्य सरकार वारसांना २५ लाख रुपये देतं. गावोगावी तरुणांची प्राथमिक प्रतिसाद दलं आहेत. वाघ गावाजवळ आला की गर्दी आवरणं, लोकांना घरात थांबवणं, वनखात्याला कळवणं ही त्यांची कामं. वाघ आवरण्यापेक्षा मोबाइल घेऊन धावणारी माणसं आवरणं जड जातं, असं त्यातल्या एका पोरानं मला सांगितलं.

*

बुकिंगचं थोडक्यात. ते वनखात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरच करावं. कोअरच्या जागा काही महिने आधी खुल्या होतात आणि सुट्टीच्या दिवसांच्या लगोलग संपतात. शनिवार-रविवारचे दर जास्त. एका गाडीत सहा पर्यटक. ज्याच्या नावानं बुकिंग त्यानं ओळखपत्राची मूळ प्रत गेटवर दाखवायची. नाव-क्रमांकात फरक असला तर कुणाची ओळख चालत नाही. मध्यस्थांपासून सावध राहा हे सांगायला एक कारण आहे : २०२३ मध्ये, ज्या खासगी संस्थेकडे ऑनलाइन बुकिंगचं काम दिलं होतं तिनंच बारा कोटींहून अधिक रकमेचा अपहार केल्याची तक्रार खुद्द व्याघ्र प्रकल्पानं पोलिसांत केली. तेव्हापासून व्यवस्था बदलली. 'आमची आत ओळख आहे' म्हणणारे मात्र बदलले नाहीत.

मंगळवारी उद्यान बंद असतं. दरवर्षी कुणीतरी सोमवारी रात्री पोहोचतं.

मुंबईहून नागपूरपर्यंत आता समृद्धी महामार्ग पूर्ण आहे, ७०१ किलोमीटर. पण दिवसभर गाडी हाकून दुसऱ्या दिवशी पहाटे चारला उठायचा बेत आखू नका. रेल्वेनं चंद्रपूर किंवा बल्लारशाह गाठावं. नागपुरात उतरलात तर तर्री-पोहे खाऊनच पुढे निघावं, हा सल्ला सफारीशी संबंधित नाही पण महत्त्वाचा आहे.

किती फेऱ्या? माझा हिशोब असा : कोअरच्या दोन, त्याही वेगवेगळ्या गेटांनी जमल्या तर उत्तम, आणि बफरच्या किमान दोन. बफर म्हणजे उरलंसुरलं जंगल, हा समज जुना झाला. वाघाला कोअरची सीमा ठाऊक नसते. निमढेला, अलिझंझा, आगरझरी या भागांत वाघ, बिबट, अस्वल, रानकुत्रे नियमित दिसतात. ताडोबा परिसरात २०१८ मध्ये काळा बिबट दिसल्यापासून त्याच्या मागावर येणारेही वेगळेच. पण बफर घ्यायचं खरं कारण दुसरं. तिथली जिप्सी, गाइड, गेटवरचा चहा, बहुतेक सगळं त्या गावचं असतं. बफरमध्ये जवळजवळ ऐंशी गावं आहेत. पर्यटनाच्या पैशातला वाटा गावाच्या समितीकडे जातो, २०१५ पासूनच्या जन-वन विकास योजनेतून गॅसच्या शेगड्या आल्या म्हणून सरपणाला जंगलात जाणं कमी झालं, काही ठिकाणी शेतांना सौर कुंपणं लागली. सगळीकडे सारखं नाही. जिथे गाड्या जास्त तिथे पैसा जास्त, आणि पलीकडच्या गावाला गेट नाही म्हणून वाघ तेवढे वाट्याला, पैसा नाही. अशा गावातला माणूस पर्यटकांविषयी जे बोलतो ते इथे छापण्याजोगं नाही.

मुक्कामही जमला तर गावातल्या घरगुती ठिकाणी करा. मोहर्लीत पर्यटन महामंडळाचं निवासही आहे. रिसॉर्टात तुम्हाला पनीर मिळेल; गावात हिवाळ्यात गेलात तर पोपटाच्या शेंगांची भाजी, भात, वरण, ज्वारीची भाकर. पोहण्याचा तलाव मिळणार नाही.

*

जिप्सी. मारुतीनं ही गाडी बनवणं कधीच थांबवलं, पण जंगलातल्या उघड्या गाडीला अजून जिप्सीच म्हणतात. त्यात बसल्यावर तुमचं नशीब पुढच्या सीटवरच्या माणसाच्या कानांवर अवलंबून असतं. डोळ्यांपेक्षा कान जास्त. कुठेतरी चितळ ओरडतं, तीक्ष्ण, शिट्टीसारखं. नवखा पर्यटक उडी मारून उभा राहतो. गाइड हलत नाही.

"चितळाचं काही खरं नसते सर. ते भेदरट आहे. वानर ओरडू द्या, मग पाहू."

वानर उंच फांदीवर बसतं, त्याला वरून दिसतं. ते खाकरायला लागलं, आणि दूर कुठे सांबरानं 'ढाँक' केलं, की गाइडचा हात ड्रायव्हरच्या खांद्यावर पडतो. सांबर सहसा उगाच ओरडत नाही. मग गाडी बंद. वाट बघणं. या वाट बघण्यात लोक कंटाळतात, आणि नेमकं तेव्हाच जंगल दिसायला लागतं. ऐनाचं खोड मगरीच्या पाठीसारखं चौकटी-चौकटींचं का दिसतं, अर्जुनाच्या गुळगुळीत सालीवर त्या तिरप्या रेघा कुणाच्या (अस्वलाच्या, मधासाठी चढलं होतं), रस्त्यावरच्या धुळीत उमटलेला पंजा नराचा की मादीचा. नराचा चौकोनी, मादीचा लांबट. ठशावर बारीक पाखराच्या पायांची नक्षी असली तर वाघ जाऊन वेळ झाला. ताडोब्यात आता बायकाही गाइड आहेत. त्यातल्या एकीनं मला ठसा दाखवून शांतपणे सांगितलं, "हा सकाळचाच आहे, पण तो आपल्यासाठी निघाला नव्हता."

मराठी वाचकाला जंगलात नेलं ते व्यंकटेश माडगूळकरांनी आणि मारुती चितमपल्लींनी. दोघेही एका जागी बसून राहणारे. माडगूळकरांचं 'नागझिरा' वाचून भंडाऱ्याकडच्या रानात गेलेली एक पिढी होती. तिला वाघ दिसला नाही तर ती त्यावर दोन पानं लिहायची. आताची पिढी वाघांना नावानं ओळखते, आणि त्यात वाईट काही नाही. माया, वाघडोह, मटकासुर, छोटी तारा या नावांनी कितीतरी मुलांना जंगलाचा नाद लावला. २०२२ च्या मे महिन्यात म्हातारा वाघडोह मेला, आणि २०२३ च्या ऑगस्टनंतर माया दिसेनाशी झाली, पुढे सापडलेल्या अवशेषांवरून डीएनए चाचणीनं तिचा मृत्यू नक्की झाला, तेव्हा घरातलं माणूस गेल्यासारखे लोक हळहळले. अडचण होते ती नावाचा हट्ट धरला की. "आम्हाला अमुकच दाखवा" म्हणणारा पर्यटक गाइडवर दबाव आणतो, गाइड वायरलेसविना निरोप फिरवतो, आणि वीस गाड्या एका वळणावर गोळा होतात.

३१ डिसेंबर २०२४ रोजी शेजारच्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात हेच टोकाला गेलं. गोठणगावच्या बाजूला एक वाघीण आपल्या पाच बछड्यांसह रस्त्यात, आणि दोन्ही बाजूंनी जिप्सी. तिला पुढेही जाता येईना, मागेही. चित्रफीत फिरली, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली, गाइड-चालकांवर कारवाई झाली. कारवाई गाइडवर होते, गाडीत बसलेला पर्यटक टीप किती देणार यावर गाइडचं धाडस ठरतं. हे दुसरं टोक तपासलं जात नाही.

न्यायालयांचा आणि या पर्यटनाचा संबंध जुना आहे. जुलै २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं देशभरच्या व्याघ्र प्रकल्पांच्या गाभ्यातलं पर्यटनच थांबवलं होतं. ऑक्टोबरात नवी मार्गदर्शक तत्त्वं आल्यावर ते पुन्हा सुरू झालं, पण गाभ्याचा वीस टक्क्यांहून अधिक भाग पर्यटनाला वापरायचा नाही या अटीवर. नोव्हेंबर २०२५ च्या निकालात रात्रीच्या पर्यटनावर बंदी आली आणि गाभ्यातल्या पर्यटन क्षेत्रात मोबाइल वापरायलाही. ताडोब्यात मोबाइल तसाही गेटवरच ठेवावा लागायचा. पहिल्या अर्ध्या तासात लोकांचे हात खिशाकडे जात राहतात. नंतर विसरतात.

एवढं सगळं करूनही वाघ दिसला नाही तर? तर इथे वाघ कमी झाले असं समजू नका; उलट ते वाढल्यामुळेच काही इथून बाहेर पाठवले जात आहेत. २०२४ च्या अखेरीस ताडोब्याच्या जमुना आणि झीनत या वाघिणी ओडिशातल्या सिमिलिपालला नेल्या. त्यातली झीनत तिथे न रमता झारखंडमार्गे थेट पश्चिम बंगालात पोहोचली आणि बांकुड्यात तिला बेशुद्ध करून परत आणावं लागलं. २०२५ च्या नोव्हेंबरात इथलीच एक वाघीण सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात सोडली. म्हणजे कोल्हापूर-साताऱ्याच्या वाचकाला काही वर्षांनी घराजवळ चंद्रपूरच्या वाघिणीची लेक भेटू शकेल. तोपर्यंत, ज्याला वाघ दिसला नाही त्यानं रानकुत्र्यांची टोळी शिकारीला निघालेली बघितली असेल तर त्यानं तक्रार करू नये. मला ती वाघापेक्षा पाहण्यासारखी वाटते.

मंगळवारचा दिवस हाती आला तर चंद्रपूर बघा. गोंड राजांचा परकोट शहराच्या भोवती अजून उभा आहे, महाकालीचं देऊळ आहे, राजांच्या समाध्या आहेत. वरोऱ्याला आनंदवन आहे. ज्या गाइडसोबत आम्ही सोमवारी फिरलो तो मात्र मंगळवारी यायला तयार नव्हता. तो बफरमधल्या गावचा, धानाचं वावर जंगलाला लागून. रविवारी रात्री रानडुकरांनी बांधीच्या बांधी लोळवली होती.

"सुट्टी कुठली सर," तो म्हणाला, "पंचनाम्याले जाच आहे. साहेब आले तं ठीक, नाई तं पुन्हा पुढचा मंगळवार."